लेखक-चित्रकारांना शाळेत नेलंय का कुणी? अनुभव सांगा

तुळशीबागवाली
काल माळा आवरताना एक जुनी फाइल सापडली, आत मुलांची पत्रं. आवरणं राहिलं बाजूला, शिडीवरच बसून वाचत राहिले. आम्ही तिघीचौघी तेव्हा शनिवारच्या सकाळच्या शाळेत लेखक नाहीतर चित्रकार घेऊन जायचो, येरवडा, जनता वसाहत, वारजे, बहुतेक पुणे मनपाच्या शाळा. घेऊन जायचो म्हणजे स्कूटीवर मागे बसवून, मांडीवर पुस्तकांची पिशवी. एक पत्र चौथीतल्या मुलाचं आहे, खोडून खोडून कागदाला भोक पडलंय, कोपऱ्यात तेलाचा डाग (डब्याचा असणार), आणि मजकूर एवढाच, 'ताई, पिल्लीला पिल्लं झाली का ते कळवा.'
त्याच्या घरी तेलुगू. लेखिका मांजराची गोष्ट सांगत होती तर तो मधेच म्हणाला, आमच्यात मांजराला पिल्ली म्हणतात. पोरं हसायला लागली. तिनं गोष्ट थांबवली, फळ्यावर मोठ्या अक्षरात 'पिल्ली' लिहिलं आणि विचारलं, अजून कुणाच्या घरी काय म्हणतात? बिल्ली आलं, कानडीतलं बेक्कू आलं, मग सगळे हात वर. पुढची गोष्ट तिनं पिल्ली म्हणूनच सांगितली. वर्षभर वर्गात तोंड न उघडलेला मुलगा होता तो, बाईंनी नंतर सांगितलं.
तुमच्याकडेही असं काही असेल तर लिहा ना. लेखक म्हणून, शिक्षक म्हणून, पालक म्हणून, कसंही.

खडूफळा
आई गं, पिल्ली 😭
आमच्या शाळेत पहिला प्रश्न 'तुम्ही खरंच आहात?' पाठ्यपुस्तकात कवीच्या नावापुढे कंसात जन्म आणि मृत्यूची सालं असतात ना, त्यामुळे लिहिणारी माणसं गेलेलीच असतात असा पोरांचा पक्का समज. एकीनं हात लावून बघितला.

रेघोट्या
मी चित्रकार. बोलता येत नाही मला, म्हणून पहिल्या वेळी घाबरून नुसता कागद घेऊन गेले. मोठा कार्डशीट नको, साधा पातळ कागद. तीनदा घडी घालायची, प्रत्येक वेळी आधीच्या घडीला आडवी. ८ पानं होतात, म्हणजे छापायच्या भाषेत १६ पृष्ठं, एक फर्मा. मग न फाडता, कोपरे उचकटून १ ते १६ आकडे घालायला लावायचे. आणि उघडायचा. वर्ग एकदम गप्प होतो, कारण १ च्या शेजारी १६ आलेला असतो आणि अर्धे आकडे उलटे!! मग मुलं पुन्हा घडी घालतात, पुन्हा उघडतात, सर जादू आहे का विचारतात (मी बाई आहे, तरी सर). मग सांगते की पुस्तक असंच छापतात, आधी मोठ्या कागदावर, मग घडी, मग शिवण आणि कटिंग, म्हणून पुस्तकाची पृष्ठं बहुतेक ८ किंवा १६ च्या पटीत असतात आणि गोष्ट तेवढ्यात बसवावी लागते. माझी रफ चित्रंही नेते, खाडाखोड केलेली, फेकलेली. एका मुलीनं विचारलं, तुम्हाला पण हात जमत नाहीत? म्हटलं नाही गं, बघ १४ वेळा काढलाय हा हात. तिनं शांतपणे रबर दप्तरात ठेवलं.

सिंहगडरोड
लेखक. आता कडवट लिहितो, माफ करा. एका मोठ्या शाळेनं १५ ऑक्टोबरला, वाचन प्रेरणा दिनाला बोलावलं. ग्राउंडवर सहाशे मुलं, ऑक्टोबरचं ऊन, स्वागतगीत, दीपप्रज्वलन, शाल श्रीफळ, परिचय, अध्यक्षीय मनोगत आणि मला ७ मिनिटं. एक मुलगी चक्कर येऊन पडली, मी गोष्ट तशीच सोडली. एकाही मुलानं माझं पुस्तक पाहिलेलं नव्हतं, ग्रंथालयाच्या कपाटाला कुलूप. मला अजूनही त्याचा त्रास होतो. तेव्हापासून तीनच अटी, एका वेळी एकच वर्ग, मुलांनी आधी एक तरी गोष्ट वाचलेली हवी, आणि मी खाली सतरंजीवर बसणार.

खडूफळा
@सिंहगडरोड दादा, अटी बरोबर आहेत. पुस्तकांना पैसे नसतात हे खरं, पण आम्ही आधी 'किशोर' मासिकाचे जुने अंक वाचून घेतो. बालभारती १९७१ पासून काढतंय, जुने अंक ऑनलाइन फुकट आहेत. वर्गातल्या टीव्हीवर लावते, पाळीपाळीनं मोठ्यानं वाचतात. ज्यांना बोलावलंय त्यांचं काही मिळालं तर उत्तमच.

डबापार्टी
रेघोट्या ताई तो पातळ कागद कुठे मिळतो, अप्पा बळवंत चौकात?

रेघोट्या
हो, कुठल्याही कागदवाल्याकडे. गाडी नेऊ नका मात्र.

डबापार्टी
गाडी शनिवारवाड्याजवळ लावते आणि चालत जाते. येताना मस्तानी. जूनमध्ये पाठ्यपुस्तकं घ्यायला लेकाला घेऊन गेले होते, हात सुटला गर्दीत, १० मिनिटं जीव थाऱ्यावर नाही, आणि हा एका दुकानाच्या पायरीवर चित्रांचं पुस्तक उघडून बसलेला, दुकानदारकाकांनी त्याला पाणी पण दिलं होतं. विषय भरकटला, सॉरी, कुकर लावलाय.

दोनमुलांचीआई
सॉरी कशाला, हाच तर विषय. माझी धाकटी बोलताना अडखळते. लेखक आले त्या दिवशी तिनं प्रश्न विचारला, पूर्ण व्हायला वेळ लागला. ते थांबले. बाई मदतीला वाक्य पूर्ण करायला गेल्या तर त्यांनी हातानंच थांबवलं. घरी येऊन तिनं आधी तेच सांगितलं, 'आई, ते थांबले.' प्रश्न काय होता ते मी विचारायचंच विसरले.

तुळशीबागवाली
वाचून डोळे भरले गं.
मानधनाचं पण कुणीतरी लिहा. गोष्ट सांगायला कसले पैसे, असं शाळा सहज म्हणते आणि मंडपवाल्याला मात्र देते. आम्ही वर्गणी काढून थोडं का होईना, पाकीट द्यायचोच, रिक्षाचे वेगळे.

सिंहगडरोड
धन्यवाद हे लिहिल्याबद्दल. माझा अख्खा दिवस जातो आणि त्या दिवशी दुसरं काम होत नाही.

हडपसरकर
आमची झेडपीची शाळा आहे, हडपसरच्या पुढे, तिसरीत २८ मुलं. कुणी येईल का? १५ ऑक्टोबरला?

रेघोट्या
१५ ऑक्टोबर आणि २७ फेब्रुवारी नको, वाचन प्रेरणा दिन आणि मराठी भाषा गौरव दिन म्हटलं की सगळ्या शाळा एकदमच फोन करतात. सहामाही झाली, दिवाळीची सुट्टी संपली की नोव्हेंबर अखेरीला येते. मुलं २८ म्हणजे छान, कागद ३० आणते.

हडपसरकर
नक्की!! स्टॉपवर न्यायला येतो. मुलांना काय वाचायला सांगू?

तुळशीबागवाली
मी पण येते. पुस्तकांची पिशवी अजून आहे माझ्याकडे, एक बंद तुटलाय, तो आज शिवून घेते. पिल्लीची गोष्ट त्यात आहे.