बाळाचं जी६पीडी (रक्तपेशींतलं एक एन्झाइम) कमी निघालंय. उतरलेली कावीळ परत चढते का?

रात्रीची_जाग
बाळ आज ६ दिवसांचं. मुलगा, ३८ आठवडे पूर्ण, वजन २ किलो ८००. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याच्या नाकावर बोट दाबून उचललं तर खाली पिवळं दिसलं. म्हटलं बल्बचा उजेड असेल. सकाळी खिडकीशी नेलं तर पोटापर्यंत हळद फासल्यासारखा. रक्तातलं बिलिरुबिन, म्हणजे काविळीचं पिवळं द्रव्य, १८.२. लगेच निळ्या दिव्याखाली, डोळ्यांवर पट्टी, ३६ तास. उतरून ११.४ झालं तेव्हा काल घरी सोडलं.

आमचे दोघांचे रक्तगट ओ पॉझिटिव्ह, म्हणजे तो प्रश्न नव्हता. मग जी६पीडीची तपासणी केली, त्यात कमतरता आली. डॉक्टर घाईत होते, "काही औषधं टाळा" म्हणून गेले. मला नि नवऱ्याला कधी काही झालेलं नाही. सासूबाई तीनदा विचारून झाल्या, आमच्याकडे तर कुणाला नाही, हे आलं कुठून? माझ्या दुधामुळे तर नाही ना? आणि आता परत चढेल का? दर तासाला टॉर्च घेऊन बघतेय.

निळा_दिवा
नवजात विभागात नर्स आहे, १४ वर्षं झाली. आधी टॉर्च ठेवा. पिवळेपणा दिवसाच्या उजेडात बघायचा, आणि डोळ्यांनी बघून आकडा कळत नाही, आम्हालाही नाही.

लाइट बंद केल्यावर आकडा थोडा उसळतो, आणि जी६पीडीच्या बाळांमध्ये जास्त सांभाळावं लागतं. म्हणून घरी आल्यावर पुन्हा रक्त तपासायला हवं. तारीख दिली नसेल तर आजच फोन करा. कपाळाला लावायच्या मशीनवर सध्या विसंबू नका, लाइट घेतलेल्या कातडीवर ते कमी दाखवतं. टाचेतून रक्त घेतलेलंच बरं.

दुधाचा दोष नाही, उलट पोटभर पाजा. शी जितकी जास्त वेळा होईल तितकं बिलिरुबिन बाहेर पडतं. होतं काय, की हे एन्झाइम तांबड्या पेशींची ढाल असतं. ते कमी असलं की पेशी लवकर फुटतात आणि त्यातून बिलिरुबिन तयार होतं. नवीन बाळाचं लिव्हर आधीच कच्चं, त्याच्याकडून ते उरकत नाही. ही बाळं एरवीपेक्षा कमी आकड्यावरच लाइटखाली घेतात ती याचसाठी. आकडा फार चढला तर मेंदूला इजा होते, आणि ती भरून येत नाही. बाळ दूध ओढेनासं झालं, उठवूनही उठेना, चिरक्या आवाजात रडायला लागलं किंवा पाठ कमानीसारखी ताणू लागलं, तर सकाळची वाट बघायची नाही.

सासूबाईंना सांगा, हा जीन एक्स क्रोमोसोमवर असतो. मुलाला एक्स आईकडूनच मिळतो, त्यामुळे बाबाकडचं कुणीही यात नाही. (हे ऐकून त्या खूश होतील, त्याला माझा इलाज नाही.) तुमच्या माहेरी कुणाला लहानपणी कावीळ?

थोरला_नऊचा
आमच्याकडे पहिला रिपोर्ट नॉर्मल आला होता! पेशी फुटत असताना शरीर नव्या पेशी भराभर काढतं, त्यांच्यात एन्झाइम जास्त असतं, म्हणून तपासणी फसते. तीन महिन्यांनी पुन्हा केली तेव्हा पकडलं.

मधल्या काळात काय झालं ते सांगते. बाराव्या दिवशी जाऊबाईंनी त्यांच्या मुलाची जुनी झबली पेटीतून काढून दिली. मऊ सुती, छान. वास होता डांबराच्या गोळ्यांचा, एवढंच. दोन दिवसांत बाळ पांढरंफटक, त्यावर पिवळी झाक. रक्त चढवावं लागलं. नुसत्या वासाने, कपड्यातून. त्या बिचाऱ्या आजही तो विषय निघाला की उठून आत जातात.

आता नऊ वर्षांचा आहे, झाडावर चढतो. फाइलच्या पहिल्या पानावर लाल अक्षरात लिहिलंय: प्रायमाक्वीन, डॅप्सोन, नायट्रोफुरँटॉइन नाही. शेवटचं लघवीच्या इन्फेक्शनला देतात. तुम्हाला कुणी लिहून दिलं तर बाळाचं सांगा, दुधातून जातं. पॅरासिटामॉल नेहमीच्या डोसमध्ये चालतं, डॉक्टरांकडून खात्री करून घ्या.

रात्रीची_जाग
फोन केला, लगेच बोलावलं. आज १२.९. परवा पुन्हा, टाचेतूनच.

माहेरी विचारलं. माझ्या भावाचं जन्मल्यावर सगळं रक्त बदललं होतं म्हणे! आई म्हणाली, "तेव्हा नुसती कावीळ म्हणाले, आम्ही काय विचारणार?" तो आता ३१ वर्षांचा आहे, त्याची ही तपासणी कधीच झाली नाही. उद्या जातोय.

बाळासाठी आलेल्या जुन्या कपड्यांची सुटकेस उघडली. माझ्या भाच्याचे कपडे, मधोमध पांढऱ्या चार गोळ्या. घरातल्या बाकीच्या आता शोधतेय.

निळा_दिवा
गोळ्या नवऱ्याला शोधू द्या, तुम्ही बाळाला पाजा. ते कपडे नुसते धुऊन भागत नाही, वापरूच नका. परवाचा आकडा इथे टाका.