चौकोनी जाळीतला डीएनए ओरिगामी व्हीआरमध्ये पिळलेला दिसतो

प्रश्न (पवई): डीएनए ओरिगामी, म्हणजे एक लांब डीएनए धागा छोट्या धाग्यांनी दुमडून केलेला आकार, करतोय. कॅडनॅनो या आखणीच्या सॉफ्टवेअरमध्ये २४ हेलिक्सचा (डीएनएच्या दुहेरी पिळाच्या दांड्यांचा) ठोकळा आखला आहे, स्कॅफोल्ड (लांब धागा) एम१३एमपी१८, ७२४९ बेस. व्हीआर हेडसेट लावून पाहिलं तर ठोकळा पिळलेला, काही ठिकाणी धाग्याचा कणा रबरासारखा ताणलेला. मान वळवली की चित्रही अडखळतं. स्टेपल (दुमड धरणारे छोटे धागे) मागवण्याआधी काय दुरुस्त करू?

उत्तर १: ताण आणि पीळ वेगळे धरा. ताणलेला कणा हा फाइल रूपांतरातला दोष. ऑक्सडीएनए या सिम्युलेशन सॉफ्टवेअरमध्ये आधी ऊर्जा उतरवा, मग छोट्या पायऱ्यांनी सैल होऊ द्या. पीळ मात्र खरा आहे. चौकोनी जाळी (हेलिक्सची चौकोनी मांडणी) ३२ बेसजोड्यांत ३ वेढे धरते, म्हणजे वेढ्याला १०.६७ जोड्या, डीएनएला मुळात लागतात सुमारे १०.५. दर ४८ जोड्यांमागे एक बेस गाळा, क्रॉसओव्हरला (धागा शेजारच्या हेलिक्समध्ये जातो ती जागा) अगदी चिकटून नको.

उत्तर २: आणि सिम्युलेशनच्या एकाच फ्रेमवर निकाल देऊ नका, ती थरथरीतली एक झलक असते. सरासरी रचना काढून तीच हेडसेटमध्ये घ्या. १ नॅनोमीटरला २ सेंटिमीटर धरलं तर हेलिक्स ४ सेंटिमीटर जाड होतो आणि तुमचा ठोकळा साधारण २ मीटर लांब. आत डोकं घालून प्रत्येक क्रॉसओव्हर पाहता येतो. पडद्यावर मागच्या रांगा झाकल्या जातात, हेडसेटचा खरा फायदा इथेच.

चित्र अडखळण्याचं कारण १४ हजारांच्या आसपास न्यूक्लिओटाइड (डीएनएचे सुटे घटक). हेडसेट केबलने पीसीला जोडा, लांबच्या हेलिक्स नळकांड्यांसारख्या दाखवा.

प्रश्नकर्ता: गाळलेले बेस घालून पुन्हा सिम्युलेशन लावतो. लेन्सवर वाफ धरते, त्याचं काय?

उत्तर २: एसीतून काढलेली गार लेन्स आणि मुंबईची दमट हवा. दहा मिनिटं बाहेर ठेवून मग लावा.