भाडेपट्ट्यातील ‘डिमाइज’ या क्रियापदाविषयी

ए-३०४: सर्वांना नमस्कार. आपल्या सोसायटीच्या जमिनीच्या भाडेपट्ट्याचे जे मराठी भाषांतर काल ग्रुपवर आले, त्यात चौथ्या पानावर ‘मृत पावलेली जागा’ असे शब्द आहेत. मूळ दस्तात तिथे ‘डिमाइज्ड प्रिमायसेस’ आहे. ते वाचल्यापासून आपला पट्टा संपला आणि जमीन मालकाकडे परत गेली, या काळजीत आई आहे. काकांनी कृपया खुलासा करावा.

बी-७०१: ताई, पट्टा शाबूत आहे, हे आईंना आधी सांगा. माझी नोकरी असेच दस्त वाचण्यात गेली, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. ‘डिमाइज’ या क्रियापदाचा कायद्यातील अर्थ ‘भाडेपट्ट्याने देणे’ असा आहे. आपल्या दस्तातील ‘डथ हिअरबाय डिमाइज अन्टू द लेसी’ (याद्वारे पट्टेदारास भाडेपट्ट्याने देत आहे) या शब्दांनीच तर मालकाने जमीन आपल्या हाती दिली. ज्या शब्दाने आपला हक्क जन्माला आला, त्याच शब्दाचे भाषांतर मृत्यू असे झाले, याचे मला फार वाईट वाटले. या शब्दाचे मूळ लॅटिनमध्ये असून तिथे त्याचा अर्थ सोडणे, पाठवून देणे असा होतो आणि ‘डिसमिस’ हा शब्दही त्याच मुळातून आला आहे.

सचिव: मग शोकसंदेशांत ‘सॅड डिमाइज’ लिहितात, ते चूक म्हणायचे का?

बी-७०१: चूक नाही, साहेब. मालमत्ता एकाकडून दुसऱ्याकडे जाणे हा जुना अर्थ. राजा वारला की राजपद वारसाकडे जाते, म्हणून त्या हस्तांतरालाही ‘डिमाइज ऑफ द क्राउन’ म्हणत, आणि पुढे ते नाम कोणाच्याही मृत्यूसाठी रूढ झाले. मृत्यूवाचून डिमाइज होऊ शकते, याचा उत्तम दाखला १९३६ सालचा आहे. आठव्या एडवर्डने गादी सोडली तेव्हा ब्रिटिश संसदेच्या कायद्यात ‘डिमाइज ऑफ द क्राउन’ होईल असेच शब्द घातले गेले, आणि एडवर्ड तर १९७२ पर्यंत हयात होता. मात्र नाम रूढ झाले म्हणून ‘ही डिमाइज्ड’ असे क्रियापद ‘ते वारले’ या अर्थी वापरू नये. चांगल्या इंग्रजीत ते खटकते.

सी-१०५: मुलगा जहाजावर आहे. त्याच्या बोलण्यात ‘डिमाइज चार्टर’ येते, ते हेच का?

बी-७०१: हेच, वहिनी. त्यात जहाजाचा पूर्ण ताबा भाड्याने घेणाऱ्याकडे जातो आणि खलाशीही तोच नेमतो.

सचिव साहेब, आता एक विनंती. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम १११ मध्ये पट्टा कसकसा संपतो ते दिले आहे आणि तिथे संपण्यासाठी ‘डिटरमाइन’ हे क्रियापद आहे. आपण त्याचा अर्थ ‘ठरवणे’ असा शिकलो, त्यामुळे भाषांतरात इथेही गफलत झालेली असू शकते. देण्याच्या शब्दाला मरण आणि संपण्याच्या शब्दाला निश्चिती असा उलटा अर्थ सभासदांच्या हाती जाणे धोक्याचे आहे, विशेषतः पुनर्विकासाची बोलणी सुरू असताना.

सचिव: आपली शंका खरी ठरली. अकराव्या पानावर ‘पट्टा निश्चित झाल्यावर जागेचा ताबा मालकास परत द्यावा’ असे छापले आहे.

बी-७०१: तिथे ‘पट्टा संपुष्टात आल्यावर’ असे करावे आणि चौथ्या पानावर ‘भाडेपट्ट्याने दिलेली जागा’ असे करावे. दुरुस्त प्रत येईपर्यंत कालची फाइल ग्रुपवरून काढून टाकलेली बरी.

सचिव: फाइल काढली आहे. दोन्ही दुरुस्त्या करून नवी प्रत रविवारच्या सभेपूर्वी प्रत्येक घरी छापील स्वरूपात पोहोचवतो.

ए-३०४: काका, आईला आपले उत्तर मोठ्याने वाचून दाखवले. तिला मूळ इंग्रजी पानही पाहायचे आहे, म्हणून सायंकाळी आम्ही दोघी आपल्याकडे येतो.