विणीच्या हंगामात अख्खा कडा बंद? गिर्यारोहकांनी बैठकीला जावं का?

कातळवेडी

नमस्कार मंडळी. आमचा गट बरीच वर्षं एकाच कड्यावर चढाई करतो. तिथले निम्मेअधिक रूट (चढाईच्या वाटा) आमच्याच लोकांनी उघडलेत, दोर अडकवायला कातळात ठोकलेले बोल्ट गंजले की तेही आम्हीच बदलतो. यंदा मधल्या भिंतीवर बहिरी ससाण्याची जोडी आली. लगेच संरक्षित क्षेत्राच्या कार्यालयाने विणीच्या हंगामात अख्खा कडा बंद ठेवायचा प्रस्ताव काढला. अख्खा म्हणजे डाव्या टोकाला नवशिके शिकतात ते छोटे रूटसुद्धा. तिथून मधली भिंत दिसतही नाही, मध्ये मोठी धार आहे. लोकांची मतं ऐकायला पुढच्या महिन्यात बैठक ठेवली आहे.

गटात सरळ दोन तट पडलेत. एक म्हणतो, आपण चढणारी माणसं, समित्यांच्या भानगडीत पडलो की चढाई राहील बाजूला. दुसरा तट गर्दी जमवून बैठकीत आवाज चढवायला निघालाय. मला दोन्ही पटत नाही. लीड करताना, म्हणजे सगळ्यांच्या पुढे चढताना, शेवटचा बोल्ट बराच खाली राहिला तरी मी डगमगत नाही, पण माईक हातात दिला की घसा कोरडा पडतो. असं काम कुणी केलंय का? काय बोलायचं, सोबत काय न्यायचं?

झुलता_दोर

जाऊ नका. निर्णय आधीच झालेला असतो, तुम्हाला बोलावतात ते हजेरीपटावर सह्या हव्यात म्हणून. आमच्या एका सुळक्याच्या वेळी अर्धा दिवस बसवून ठेवलं आणि इतिवृत्तात आमचं एक वाक्यही आलं नाही. तो दिवस कातळावर घालवला असता तर बरं झालं असतं.

जुना_पिटॉन

झुलता_दोर, तुमचा राग समजतो. पण कातळवेडीने न जाऊन काय होणार, तर कडा बंदच होणार. मग जाऊन बघायला काय हरकत आहे?

कातळवेडी, मला खटकलं ते वेगळंच. ससाणा आणि चढाई यांचं हाडवैर आहे असं तुमचे दोन्ही तट आणि ते कार्यालयही धरून चाललंय. अमेरिकेतल्या योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात काय झालं ते बैठकीत सांगा. डीडीटी या कीटकनाशकामुळे ससाण्याच्या अंड्यांचं कवच इतकं पातळ झालं होतं की उबवायला बसलेल्या पक्ष्याच्या भारानेच अंडी फुटायची. अमेरिकेत १९७२ मध्ये डीडीटीवर बंदी आली खरी, पण ते विष अन्नसाखळीतून एका रात्रीत जात नाही. १९७८ मध्ये योसेमिटीतल्या एल कॅपिटान या कड्यावर एक जोडी असल्याची खबर दिली ती चढाई करणाऱ्यांनी. पुढे चढाई जाणणारी माणसं दोराने त्या कपारींपर्यंत पोहोचायची, पातळ कवचाची अंडी अलगद काढून घ्यायची आणि जोडीने जागा सोडू नये म्हणून तिथे खोटी अंडी ठेवायची. खरी अंडी खाली यंत्रात उबवली जायची आणि पिल्लं पुन्हा वर नेऊन सोडायची. डोक्यावर ससाणा झेपा घेतोय आणि कमरेच्या हार्नेसला (दोर बांधायच्या पट्ट्याला) अंड्यांची पेटी लटकतेय, हे काम टेबलामागे बसणाऱ्याच्या हातून होणारं नव्हतं. १९९९ मध्ये हा पक्षी तिथल्या संकटग्रस्त यादीतून बाहेर आला. (श्रेय सगळं आपल्या जमातीचं नव्हे. डीडीटीवरची बंदी नसती तर अंडी बदलत बसण्याला अंत नव्हता.)

आजही तिथे दरवर्षी साधारण १ मार्च ते १५ जुलै ससाण्यांसाठी काही रूट बंद असतात. काही रूट, सगळा डोंगर नव्हे. तुम्हाला मागायचं ते एवढंच आहे: बंदी घरट्याच्या भिंतीपुरती असावी, डावं टोक उघडं राहावं, आणि यंदा वीण झाली नाही किंवा पिल्लं लवकर उडाली तर भिंत आधी मोकळी करावी. हे मागताना त्या भिंतीवरची बंदी आम्ही स्वतः पाळू आणि पाळायला लावू, हे आधी सांगा. तो शब्द दिला नाहीत तर बाकीचं कुणी ऐकणार नाही.

आता ‘चढाई राहील बाजूला’ याबद्दल. राहते थोडी, खोटं कशाला बोलू. एव्हरेस्टवीर एडमंड हिलरीचं नाव निघालं की सगळे त्याने नेपाळात खुमजुंगला काढलेली १९६१ ची शाळा सांगतात. मला त्यापुढचा भाग जास्त मोलाचा वाटतो. १९६४ मध्ये सामान नेणं सोपं व्हावं म्हणून लुक्लाला धावपट्टी केली, १९६६ मध्ये खुंदेचा दवाखाना उभा राहिला. पण त्याच धावपट्टीने ट्रेकर येऊ लागले, सरपणासाठी झाडं पडू लागली. तेव्हा हा माणूस ‘मी तर भलंच केलं होतं’ म्हणून हात झटकून मोकळा झाला नाही. जंगल राखायला राष्ट्रीय उद्यान हवं म्हणून मागे लागला, आणि १९७६ मध्ये सगरमाथा उद्यान झालं. एकदा हात घातला की असं निस्तरत बसावं लागतं. तुमच्या गटातल्या पहिल्या तटाला याचीच भीती असणार, आणि ती काही अगदीच चुकीची नाही.

पण प्रत्येकाने हिलरी व्हायची गरज नाही. जुंको ताबेई बघा, १९७५ मध्ये एव्हरेस्टवर पोहोचलेली पहिली स्त्री. साठीच्या घरात असताना विद्यापीठात जाऊन तिने एव्हरेस्टवरच्या कचऱ्याचा अभ्यास केला. मला हे फार आवडतं. तक्रार करायला तिचं नाव पुरेसं होतं, तरी ती अभ्यासाला बसली.

म्हणून भाषण नको. अख्ख्या कड्याचा समोरून काढलेला मोठा फोटो न्या. त्यावर प्रत्येक रूटची रेघ, बोल्टचे ठिपके, धार कुठे येते ती खूण आणि ससाण्याची कपार दाखवा. कड्याचा कातळ त्या खोलीत फक्त तुमच्याच हाताखालून गेलेला असेल. माईकही लागणार नाही, फोटोवर बोट ठेवून बोला.

पंखपिसारा

मी चढत नाही, पक्षी बघते. दोन गोष्टी. कपार दाखवायला म्हणून तिच्याजवळ चढून फोटो काढू नका! ससाणा काटक्यांचं घरटं बांधत नाही, कपारीतल्या मातीत-खड्यांत नुसता खळगा करून त्यात तीन-चार अंडी घालतो. पक्षी उठला की अंडी उघडी पडतात. लांबून दुर्बिणीतून बघा. कपारीखाली कातळावर विष्ठेचे पांढरे ओघळ दिसतात, त्यावरून जागा कळते. आणि ‘कॅक कॅक कॅक’ असा कर्कश ओरडा सुरू झाला, तर तुम्ही फार जवळ गेलात असं समजा.

दुसरं, अंडी उबायला महिन्याहून थोडं जास्त आणि पिल्लं उडायला साधारण सहा आठवडे लागतात. उडायच्या बेतातल्या पिल्लांना बिचकवणं सगळ्यात वाईट, धड उडता येत नसताना ती कड्यावरून झेप घेतात. त्यामुळे ‘अंड्यांतून पिल्लं बाहेर आली, आता उघडा’ असं मागू नका.

कातळवेडी

खूप आभार, सगळ्यांचेच. धारेची खूण माझ्या डोक्यातच आली नव्हती, तोच तर आमचा सगळा मुद्दा आहे. आता त्या गर्दी जमवणाऱ्यांचं काय करू? ऐकायच्या मनःस्थितीत नाहीत.

जुना_पिटॉन

त्यांना काम द्या. बंदी पाळली जातेय की नाही ते बघायला शनिवार-रविवारी कड्याच्या पायथ्याशी कोणीतरी लागेलच. नावं आणि तारखा लिहिलेली पाळ्यांची यादी बैठकीतच द्या. ज्याला आवाज चढवायचाय त्याचं नाव सगळ्यात वर.

झुलता_दोर

जाणारच असाल तर एक ऐका. म्हणणं आदल्या दिवशी लेखी द्या, फोटोची प्रत जोडा आणि शिक्क्यासह पोच घ्या. आमच्याकडे पोच नव्हती, म्हणून इतिवृत्तात काहीच आलं नाही. आणि पाळ्यांच्या यादीत माणसं कमी पडली तर कळवा, एखादा रविवार मी बघेन.