सुझुकी कॅरी १९९३, जपानी मिनी ट्रक: गरम झाला की चढावर बंद पडतो आणि आयडलिंगही टिकत नाही

ओम्नीवाला_इंदूर

नमस्कार मंडळी. गाडी इंदूरात नाहीये हे आधीच सांगतो. माझा धाकटा भाऊ अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगराळ भागात राहतो, त्याने जपानमधून आलेला जुना मिनी ट्रक घेतलाय. सुझुकी कॅरी, १९९३ चा, चेसिस डीडी५१टी म्हणजे फोर व्हील ड्राइव्ह, इंजिन एफ६ए, ६५७ सीसी, तीन सिलिंडर, कार्बोरेटर. तिकडे २५ वर्षं पूर्ण झालेली गाडी आणता येते त्यामुळे हे ट्रक खूप लोक घेतायत, शेतावर लाकडं, खत, गवत वाहायला एकदम कामाचा. पण जवळचे मेकॅनिक हात लावत नाहीत, सीट उचलून खाली इंजिन दिसलं की नको म्हणतात, स्टिकर सगळे जपानीत. मग फोन येतो मला, कारण आमच्या घरी ओम्नी अजून चालू आहे आणि तिचं बरंचसं काम मी स्वतः करतो.

त्रास असा की थंड असताना चोक ओढून मस्त स्टार्ट होतो, दहा-पंधरा मिनिटं चांगला पळतो, मग चढ आला की तिसऱ्या गियरमध्ये झटके खातो आणि बंद. अर्धा तास उभा ठेवला की परत चालू. आणि दुसरं म्हणजे गरम झाल्यावर अॅक्सिलरेटर सोडला की बंद पडतो, पाय ठेवून राहिलं तरच चालतो. टेंपरेचरचा काटा मधेच असतो, वर जात नाही. प्लग, प्लगच्या वायरी आणि पेट्रोल फिल्टर बदलून झाले. काढलेले प्लग पाहिले तर तिन्ही पांढरे.

आता तो म्हणतो नवीन कार्बोरेटर मागवतो. मला ते पटत नाहीये. दुसरा प्रश्न, एफ६ए आणि आपल्या ओम्नीचं एफ८बी एकाच घराण्यातली इंजिनं ना, मग इथल्या छोटी ग्वालटोलीच्या पार्ट बाजारातून पार्ट घेऊन पाठवले तर चालतील का? तिकडे एकेका पार्टची फार वाट बघावी लागते आणि त्याचं सगळं काम अडलंय.

छावणी_गॅरेज

भिया कार्बोरेटर मागवू नका म्हणा त्याला. आधी पार्टचं सांगतो. घराणं एकच, हे खरं. दोन्ही तीन सिलिंडर, दोन्हीला टायमिंग बेल्ट, फायरिंग ऑर्डर दोन्हीची १-३-२. पण एफ६ए चा बोअर म्हणजे सिलिंडरचा व्यास ६५ मिमी आणि स्ट्रोक म्हणजे पिस्टनची वरखाली चाल ६६, एफ८बी चा बोअर ६८.५ आणि स्ट्रोक ७२. म्हणजे पिस्टन, रिंग, हेड गॅस्केट, क्रँक हे सगळं विसरा. कार्बोरेटरचे जेटसुद्धा ७९६ सीसीच्या हिशोबाने असतात, वरून बसला तरी मिक्स्चर बरोबर येणार नाही. टायर मात्र दोघांचे १४५ आर १२, पण टायर काय इथून पाठवणार! बाकी कुठलाही पार्ट असू द्या, जुन्यावरचा नंबर वाचा आणि नंबर जुळला तरच घ्या, दिसायला सारखा आहे म्हणून घेऊ नका. सील, बेअरिंग असल्या वस्तूंवर माप छापलेलं असतं, त्या जगात कुठेही मिळतात, त्यासाठी सुझुकीच्या डब्याची गरज नाही.

आता बिघाड. मी इतक्या ओम्नी बघितल्यात की एक गोष्ट ठाम सांगतो, गाडी बंद पडते त्या क्षणी पेट्रोल गेलं की करंट गेला एवढंच आधी शोधायचं. लोक इथेच घाई करतात, पार्ट बदलत सुटतात, खर्च होतो आणि गाडी तिथेच. तुमच्या भावाने प्लग वायरी बदलल्या, फिल्टर बदलला, पण दोघांतलं काय जातंय ते अजून कुणाला माहीत नाही.

टायमिंग लाइट घ्यायला सांगा, प्लगला करंट गेला की दर वेळी चमकणारी, तिकडे स्वस्त मिळते. कॉइलमधून डिस्ट्रिब्युटरला जाणाऱ्या मोठ्या वायरला क्लिप लावायची, लाइट केबिनमध्ये दिसेल अशी ठेवायची, शेजारी कुणाला तरी बसवायचं आणि चढावर न्यायचा ट्रक. झटके खाताना लाइट मधेमधे गायब झाली तर करंटचा रोग, कॉइल नाहीतर इग्नायटर गरम झाल्यावर सोडतोय. लाइट इंजिन थांबेपर्यंत बरोबर मारत राहिली तर पेट्रोल. तिन्ही प्लग पांढरे म्हणताय, ती पेट्रोल कमी पडत असल्याची खूण, म्हणजे माझा कल पेट्रोलकडेच आहे, पण बघितल्याशिवाय पक्कं नाही म्हणणार.

बडोदेकर_ऑटो

वरच्या काकांशी शंभर टक्के सहमत. मी बडोद्यात टेस्टिंगचं काम करतो त्यामुळे थोडं पुढचं लिहितो.

मला ही दोन वेगळी दुखणी वाटतात, आणि तसं धरूनच चालावं. चढावर बंद पडणं म्हणजे लोडवर जेवढं पेट्रोल लागतं तेवढं पोचत नाही. आयडलला बंद पडणं उलटं आहे, तिथे पेट्रोल लागतं थेंबभर, तेव्हा पुरवठा कमी म्हणून आयडल जाईल हे जरा कठीण. आयडलसाठी कार्बोरेटरवरचा सोलेनॉइड बघा, एक वायरवाला छोटा सिलिंडरसारखा भाग असतो. इंजिन बंद, चावी ऑन करून ती वायर काढायची आणि परत लावायची, टक् असा आवाज आला पाहिजे. आवाज नाही आणि वायरवर १२ व्होल्ट येतायत तर सोलेनॉइड गेला किंवा त्याची अर्थिंग खराब. व्होल्टच नसतील तर वायरिंग किंवा फ्यूज. आवाज येतो तरी आयडल नाही, तर आयडल जेट तुंबलाय, नाहीतर कुठून तरी फालतू हवा आत जातेय. या ट्रकवर व्हॅक्युमच्या नळ्या भरपूर असतात. चालू इंजिनवर एकेक नळी पकडीने हलकेच दाबायची, एखादी दाबल्यावर आयडल सुधारला तर चोर तिच्याच टोकाला. कार्बोरेटरच्या खालचं जाड इन्सुलेटर गॅस्केटही बघा, तिथे चीर पडते. थंडीत चोक मिक्स्चर घट्ट करून ही हवा झाकून टाकतो, म्हणून गरम झाल्यावरच त्रास दिसतो.

चढावरच्या दुखण्याला पहिली फुकटातली टेस्ट: बंद पडल्या पडल्या टाकीचं झाकण उघडायला सांगा. सूं करून हवा आत गेली आणि लगेच स्टार्ट झाला तर टाकीचा व्हेंट, म्हणजे हवा आत घेणारं भोक, बंद आहे. नाही झाला तर कार्बोरेटरच्या फ्लोट चेंबरवर, म्हणजे पेट्रोल साठतं त्या वाटीवर, काच असेल तर पेट्रोलची लेव्हल बघा, ओम्नीवर असते तशी. बंद पडल्यावर लेव्हल खाली असेल तर कार्बोरेटर बहुतेक निर्दोष, अडचण त्याच्या मागे.

आणि हे मनापासून सांगतो, काही लोक बाटलीत पेट्रोल भरून केबिनमध्ये टांगतात आणि नळीने थेट कार्बोरेटरला देतात. या ट्रकमध्ये इंजिन आणि एक्झॉस्ट सीटखाली आहेत, चुकूनही करू नका. टेस्ट करायची तर बाहेर उभ्या ट्रकवर, झाकणाचा छोटा कॅन जमिनीवर ठेवून त्यातून पंपाला ओढू द्या, फायर एक्स्टिंग्विशर हाताशी ठेवा, आणि एकट्याने अजिबात नाही.

शार्लटकर

मी नॉर्थ कॅरोलायनातच आहे, मूळचा ग्वाल्हेरचा, आणि माझ्याकडेही डीडी५१टी आहे त्यामुळे राहवलं नाही.

इकडच्या पेट्रोलमध्ये बहुतेक ठिकाणी १० टक्के इथेनॉल असतं. ट्रक तीस वर्षांचा, त्यातली काही वर्षं जपानमध्ये कुठल्या तरी शेडमध्ये नुसता उभा असणार, आणि नळ्या बऱ्याचदा मूळच्याच. जुन्या रबराला इथेनॉल सोसत नाही, आतून मऊ होऊन सोलपटं सुटतात नाहीतर बाहेरून बारीक चिरा पडतात. आता यातला घोळ बघा. पंपाच्या पुढच्या नळीत चीर पडली तर पेट्रोल गळतं, वास येतो, दिसतं. पण टाकी ते पंप या भागात पंप ओढत असतो, तिथे चीर असली तर पेट्रोल गळत नाही, हवा आत ओढली जाते. खाली वाकून बघितलं तर सगळं कोरडं ठणठणीत. म्हणून लोकांना ती सापडत नाही. सपाट रस्त्यावर हवा आणि पेट्रोल मिळून कसंबसं भागतं, चढावर मागणी वाढली की चेंबर रिकामा. त्यात नळी गरम होऊन मऊ पडली की ओढीने चिमटते पण.

तेव्हा टाकीतून निघणारी पहिली रबर नळी, जी टाकीच्या वर दडलेली असते आणि हात पोचत नाही म्हणून कुणी बदलत नाही, ती आधी बघा. टाकी उतरवावी लागेल, रिकामी करून मगच. उतरवलीच आहे तर आत टॉर्च न टाकता, बाहेरून उजेड दाखवून गंज आहे का बघा, पिकअपची जाळी साफ करा. नवीन नळी घेताना तिच्यावर एसएई ३० आर ७ किंवा ३० आर ९ छापलेलं बघून घ्या, कार्बोरेटरच्या कमी प्रेशरला आर ७ पुरते, आर ९ जास्त टिकाऊ. रिटर्नची नळीही त्याच दिवशी बदला.

अजून एक, इकडच्या पार्टच्या दुकानात कॉम्प्युटर गाडीचा १७ अक्षर-आकड्यांचा नंबर मागतो. जपानातल्या गाडीला तो नसतोच, डीडी५१टी आणि पुढे सहा आकडे एवढाच चेसिस नंबर. त्यामुळे तिथे उभं राहून उपयोग नाही, मिनी ट्रकचे पार्ट ठेवणारे वेगळे लोक आहेत, त्यांना पूर्ण चेसिस नंबर द्या, त्यावरून मॉडेलचा महिना आणि बदल कळतात.

ओम्नीवाला_इंदूर

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं सविस्तर कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. भावाला सगळं वाचून दाखवलं आणि काल त्याने टायमिंग लाइट लावून ट्रक चढावर नेला, त्याची बायको लाइटकडे बघत बसली. लाइट शेवटपर्यंत बरोबर मारत होती. बंद पडल्यावर टाकीचं झाकण उघडलं, काही फरक नाही. काचेत लेव्हल अगदी तळाला. मग अंगणात जमिनीवरच्या कॅनमधून टेस्ट केली, शेजारी एक्स्टिंग्विशर घेऊन उभा होता, गरम इंजिन रेस करून करून बघितलं, एकदाही दम सोडला नाही. म्हणजे पंप चांगला, कार्बोरेटर चांगला, दोष टाकीच्या बाजूला.

आज टाकी उतरवली. शार्लटकर दादा तुम्ही म्हणालात तीच नळी, वरून धूळ बसलेली आणि ठीक दिसत होती, वाकवली तर बेंडवर चिराच चिरा, आणि कापून बघितली तर आतला थर सुटून लोंबत होता. फोटोत बघून मला धस्सच झालं, हीच नळी पंपाच्या पुढे असती तर पेट्रोल सीटखाली ठिबकलं असतं. आता तो सगळ्याच नळ्या बदलतोय, मी स्पष्ट सांगितलं की एकही जुनी ठेवायची नाही.

आयडलचं मात्र राहिलंय. सोलेनॉइडची वायर काढून लावली तर टक् होतं, पण कधी होतं कधी नाही.

छावणी_गॅरेज

शाब्बास. कधी होतं कधी नाही म्हणजे नवीन घेण्याआधी अर्थिंग. बॅटरीच्या निगेटिव्हपासून एक वायर थेट कार्बोरेटरच्या बॉडीला टेकवून बघायला सांगा, प्रत्येक वेळी टक् व्हायला लागलं तर सोलेनॉइड शाबूत आहे. या इंजिनची बॉडीला येणारी अर्थची पट्टी जुनी होऊन बोल्टखाली गंजते, ती काढून घासून परत कसायची, शक्यतो नवीनच टाका, मीटरभर वायर आणि दोन थिंबल. याचा फायदा सेल्फला पण होईल. त्यानंतर गरम इंजिनवर, चोक पूर्ण आत असताना, आयडलचा स्क्रू सेट करायचा, आधी नाही.

आणि टायमिंग बेल्ट कधी बदललाय ते विचारा. मीटर काय दाखवतो त्यावर जाऊ नका, रबर वयाने पण मरतं, नळ्यांचं बघितलंतच. कव्हरवर बेल्ट बदलल्याचा स्टिकर आहे का बघा, जपानमध्ये मेकॅनिक तारीख आणि किलोमीटर लिहून चिकटवतात. आकडे वाचता येतात, बाकी जपानी येत नसलं तरी चालेल. फक्त वर्ष छोटं दिसलं तर घाबरू नका, तिकडे राजाच्या कारकिर्दीने मोजतात, हेइसेई ५ म्हणजे १९९३.

ओम्नीवाला_इंदूर

स्टिकर आहे काका! आत्ताच फोटो आला. १५ आणि पुढे ९ लिहिलंय, किलोमीटर ७१,०००.

शार्लटकर

हेइसेई १५ म्हणजे २००३, सप्टेंबर. बेल्ट बदलाच, वॉटर पंप आणि टेन्शनर पण सोबतच, कारण ते सगळं उघडायचं कष्ट दोनदा नको. चेसिस नंबर मला मेसेजमध्ये पाठवा, मी माझ्यासाठी मागवतोच आहे, एकत्र मागवला तर त्याचा कुरियरचा खर्च वाचेल. आणि कूलंट परत भरताना घाई करू नका म्हणावं, रेडिएटर पुढे, इंजिन सीटखाली, मधले पाइप लांब, हवा अडकून राहते. ट्रकचं तोंड चढाकडे करून उभा करा, हीटर फुल गरमवर ठेवा, आणि बुडबुडे पूर्ण थांबेपर्यंत झाकण लावू नका.