एडीएचडी असलेल्या मुलाची संध्याकाळची चिडचिड: आजारामुळे, गोळीमुळे की आणखी कशामुळे?

चौथीतल्या मुलाची आई, नाशिक

नमस्कार. माझ्या नऊ वर्षांच्या मुलाला एडीएचडी (अवधानाचा अभाव आणि अतिचंचलता यांचा विकार) असल्याचे निदान गेल्या वर्षी झाले. सकाळी आठ वाजता नाश्त्यानंतर त्याला मिथाइलफेनिडेटची दीर्घकाळ परिणाम करणारी गोळी दिली जाते. शाळेतून आता तक्रारी येत नाहीत, किंबहुना बाईंनी त्याचे कौतुकच केले. परंतु चारच्या सुमारास तो घरी आला की जणू वेगळाच मुलगा दारात उभा असतो. दप्तर भिरकावतो, धाकट्या बहिणीच्या साध्या बोलण्यावर अंगावर धावून जातो आणि मग हमसून हमसून रडतो. परवा गणिताच्या वहीत एक आकडा चौकटीबाहेर गेला, तेवढ्यावरून त्याने ते पान टराटरा फाडले आणि स्वतःच्या कपाळावर मुठी मारून घेतल्या. सासूबाईंचे म्हणणे असे की मूल लाडावले आहे, दोन रट्टे दिले की सुतासारखे सरळ येईल. मला ते पटत नाही. पण हा आजाराचाच भाग आहे, गोळीचा परिणाम आहे की मनःस्थितीचा आणखी एखादा विकार आहे, हेही मला उमगत नाही. गोळी बंद करून पाहावी का?

बालरोगतज्ज्ञ, पुणे

ताई, मुलाला न तपासता निदान सांगता येत नाही, परंतु आपण विचारलेल्या तिन्ही शक्यता खऱ्या आहेत आणि त्या वेगळ्या काढण्याचे मार्गही आहेत. गोळी मात्र स्वतःच्या निर्णयाने बंद करू नका.

एडीएचडीच्या निदानासाठी जी लक्षणांची यादी वापरली जाते, तिच्यात अवधानाचा अभाव, अतिचंचलता आणि उतावीळपणा एवढ्याच गोष्टी आहेत. चिडचिड तिच्यात नाही. तरीही या मुलांपैकी बऱ्याच जणांना भावना आवरणे जड जाते, कारण हात उगारण्यापूर्वी क्षणभर थांबण्याची जी क्षमता उतावीळपणात कमी पडते, तीच राग आवरतानाही लागते. इतर मुलांनाही राग येतो. या मुलांचा तो झटकन पेटतो आणि शमायला वेळ लागतो.

आपल्या वर्णनात मला सर्वांत महत्त्वाचे वाटले ते घड्याळ. मिथाइलफेनिडेटच्या दीर्घकाळ टिकणाऱ्या गोळ्यांचा परिणाम, प्रकारानुसार, साधारण आठ ते बारा तास राहतो. आठ तासांची गोळी सकाळी आठला घेतली तर ती नेमकी चारच्या सुमारास उतरते, आणि उतरताना काही मुले तास-दीड तास मूळच्यापेक्षाही अधिक चिडचिडी होतात. त्यातच या गोळीने भूक मरते. डबा किती परत येतो, हे जरूर पाहा. पुष्कळदा मूल दुपारभर जवळजवळ उपाशी असते. म्हणून घरी येताच प्रश्न किंवा अभ्यास न काढता आधी पोटभर खायला द्या. दोन आठवडे वहीत गोळीची वेळ, जेवण, झोप आणि प्रत्येक उद्रेकाची वेळ लिहा आणि ती वही डॉक्टरांना दाखवा. त्यावरून मात्रा किंवा गोळीचा प्रकार बदलणे, दुपारी लहान मात्रा जोडणे किंवा वेगळ्या गटातले औषध देणे, यांपैकी काय योग्य ते त्यांना ठरवता येईल. याउलट गोळीचा अंमल असतानाच, म्हणजे सकाळी अकरालाही मूल रडवेले किंवा चिडलेले राहत असेल, तर मात्रा जास्त होत असण्याची किंवा ते औषध त्याला न मानवण्याची शक्यता असते.

दुसरी खूण म्हणजे दोन उद्रेकांच्या मधला काळ. सुटीच्या सकाळी तो हसतखेळत असेल तर ही गोष्ट दिलासा देणारी आहे. 2013 साली अमेरिकेतील मानसविकारांच्या वर्गीकरणात ‘डिसरप्टिव्ह मूड डिसरेग्युलेशन डिसऑर्डर’ या विकाराची भर पडली. त्याच्या निदानासाठी आठवड्यातून सरासरी तीन किंवा अधिक वेळा असे उद्रेक व्हावे लागतात, ते किमान 12 महिने चालू असावे लागतात, आणि मुख्य म्हणजे मधल्या काळातही मूल बहुतेक दिवस, दिवसभर चिडलेलेच असावे लागते, तेही घर, शाळा आणि सोबती यांपैकी किमान दोन ठिकाणी. मुलांमधले नैराश्यही कित्येकदा उदास चेहऱ्याऐवजी चिडचिडीच्या रूपानेच दिसते, त्यामुळे आवडत्या खेळातला रस गेला आहे का, याकडे लक्ष ठेवा. तो रात्री घोरत असेल तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाला, कारण अपुऱ्या झोपेने ही सगळी लक्षणे बळावतात.

एका मोठ्या मुलाचे वडील, कोल्हापूर

डॉक्टरांनी सांगितले त्यात अनुभवाची थोडी भर घालतो. उद्रेक सुरू असताना समजावणे, जाब विचारणे, ‘आधी सॉरी म्हण’ असा आग्रह धरणे यांपैकी काहीही लागू पडत नाही, कारण त्या क्षणी मुलाच्या कानांवर शब्द पडतात पण आत पोचत नाहीत. धाकटीला शांतपणे दुसऱ्या खोलीत न्यावे, मोडण्यासारखे किंवा लागण्यासारखे काही जवळ असेल तर ते उचलावे, आणि कमीत कमी बोलून जवळ थांबावे. काय चुकले याची चर्चा जेवणानंतर. रट्ट्यांनी मूल त्या वेळी गप्प होते हे खरे, पण राग आला की हात उचलायचा, हेच ते शिकते. आजींना शक्य असल्यास एकदा डॉक्टरांकडे सोबत न्या. आमच्या घरात माझ्या आईने डॉक्टरांच्या तोंडून ऐकले, तेव्हाच वाद मिटला.

औषधाबद्दल एक व्यवहाराची सूचना. मिथाइलफेनिडेट आपल्याकडे अनुसूची एक्समध्ये, म्हणजे कडक नियंत्रणाखालच्या औषधांच्या यादीत येते, त्यामुळे प्रत्येक दुकानात ते मिळत नाही आणि दुकानदाराला चिठ्ठीची प्रत जपून ठेवावी लागते. शेवटची पट्टी उघडण्यापूर्वीच नवी चिठ्ठी घेऊन ठेवा, म्हणजे मध्ये खंड पडणार नाही.

प्राथमिक शिक्षिका, सांगली

मला त्या फाडलेल्या पानाविषयी बोलायचे आहे. एडीएचडी असलेल्या अनेक मुलांना सोबत लेखनाची किंवा गणिताची अध्ययन अक्षमताही असते. अक्षर चौकटीत न बसणे, आकडे उलटे पडणे, फळ्यावरून उतरवताना मागे राहणे, असे काही दिसते का, हे वर्गशिक्षिकेला विचारा. दिवसभर वर्गात स्वतःला सावरून बसलेल्या मुलाला घरी पुन्हा तेच अवघड काम समोर दिसले, तर त्याचा संताप अकारण म्हणता येत नाही. विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहे, आणि प्रमाणपत्र मिळाल्यास परीक्षेत जादा वेळेसारख्या सवलती मिळू शकतात. तोवर घरच्या अभ्यासात मोठ्या चौकटींची वही द्या आणि दहा गणितांऐवजी चारच सोडवून घ्या.

चौथीतल्या मुलाची आई, नाशिक

सर्वांचे मनापासून आभार. डबा खरोखरच निम्मा परत येतो, पण ‘नावडती भाजी’ म्हणून मी ते सोडून देत होते. रविवारी सकाळी तो आनंदी असतो. कपाळावर मारून घेतो, त्याची मात्र भीती वाटते.

बालरोगतज्ज्ञ, पुणे

त्याबद्दल पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना लगेच कळवा. तो ‘मी वाईट आहे’, ‘मला जगायचे नाही’ असे काही बोलला तर ते रागाच्या भरातले म्हणून सोडून देऊ नका. त्याला शांतपणे, सरळ शब्दांत विचारा, एकटे ठेवू नका आणि त्याच दिवशी बालमानसोपचारतज्ज्ञांकडे किंवा रुग्णालयात न्या. रात्री-अपरात्री बोलण्याची गरज भासली तर टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेचा 14416 हा सरकारी क्रमांक चोवीस तास सुरू असतो आणि तेथे मराठीतही बोलता येते.