एफ.वाय.ला संवादकौशल्य: तीस तासांत नक्की काय शिकवावं?

नवी_व्याख्याती
बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला संवादकौशल्याचा दोन क्रेडिटचा पेपर शिकवायचा आहे. हातात ३० तास, वर्गात ७० मुलं, निम्म्याहून जास्त मराठी माध्यमातली. अभ्यासक्रम व्याख्या, प्रकार, अडथळे असा सुरू होतो. तो भाग किती ताणावा? आणि एकेकाला बोलायला उभं केलं तर सेमिस्टर त्यातच संपेल, त्याचं काय करावं?

खडू_डस्टर
मॅडम, व्याख्या दोन तासांत उरका. शॅनन-वीव्हरची १९४९ची आकृती (संदेश पाठवणारा, माध्यम, घेणारा) परीक्षेपुरती काढून द्या; तिचं मूळ टेलिफोन-तारेच्या गणितात आहे, एवढं सांगा आणि पुढे चला.

बोलण्याचं गणित असं. दोन मिनिटं भाषण, दोन मिनिटं शेरे आणि उठबस, म्हणजे ७० मुलांना २८० मिनिटं. त्यात एक बोलतो आणि ६९ जण मोबाईल बघतात. त्यापेक्षा पाच-पाचचे १४ गट करा. प्रत्येकी दोन मिनिटं बोलणं, एक मिनिट शेरा. पंधरा मिनिटांत अख्खा वर्ग बोलून होतो आणि त्याच तासाला दुसरी फेरीही बसते. खरी सुधारणा दुसऱ्या फेरीतच दिसते. गोंगाट होणारच, चार-पाच गट व्हरांड्यात काढा.

साचा एकच: पहिल्या वाक्यात मत, मग दोन कारणं, एक उदाहरण, थांबा. हातात पोस्टकार्डाएवढा कागद, त्यावर फक्त पाच शब्द. पूर्ण वाक्यं लिहू दिलीत की मुलं वाचून दाखवतात. विषय ‘मोबाईल शाप की वरदान’ नको, तो निबंध शाळेपासून पाठ असतो. ‘कॅन्टीनमध्ये फक्त यूपीआय चालावं का?’ असा द्या. पहिली फेरी मराठीत, तोच विषय दुसऱ्या फेरीत इंग्रजीत. मुद्दे आधीच लागलेले असले की भीती फक्त भाषेची उरते.

कान_देऊन
वरचं पटलं, पण सुरुवात ऐकण्यापासून करा. परीक्षा फॉर्मची दीडशे शब्दांची सूचना एकदाच वाचा, पेनं खाली. मग तीन गोष्टी लिहायला सांगा: काय करायचं, कोणी, कधीपर्यंत. तारीख बहुतेकांना आठवते. ‘विलंब शुल्कासह’ आणि ‘एटीकेटीवाल्यांनी (मागचे विषय राहिलेल्यांनी) वेगळा फॉर्म’ या अटी गळतात. कारण ऐकताना मन पहिल्याच आकड्याला चिकटून बसतं. हाच व्यायाम दर आठवड्याला दहा मिनिटं.

गटचर्चेत एकच नियम घाला: आधीच्याचा मुद्दा ‘म्हणजे तुझं म्हणणं असं की…’ असा सांगायचा, त्याने मान हलवली तरच आपला मांडायचा. मोठ्या आवाजाची मुलं आपोआप ताळ्यावर येतात.

मसुदा
लेखनाला किमान आठ तास ठेवा. नोकरीत पहिली परीक्षा ईमेलचीच होते. मुलांचा नमुना साधारण असा: विषयाची जागा रिकामी, खाली ‘सर माझे मार्क्स दिसत नाहीत प्लीज लवकर बघा’. कोण, कुठला वर्ग, कुठला पेपर, पत्ता नाही. तोच मेल फळ्यावर घेऊन वर्गाकडून दुरुस्त करून घ्या. विषय: ‘एफ.वाय.बी.कॉम. ब, रोल नं. ४१: अकाउंटन्सीचे अंतर्गत गुण नोंदलेले नाहीत’. मजकूर तीन वाक्यांत: काय झालं, काय हवंय, कधीपर्यंत. सोबत कुठला पुरावा जोडला, तेही.

तपासताना चुका दुरुस्त करून देऊ नका, फक्त अधोरेखित करा. दुसऱ्या मसुद्याला निम्मे गुण ठेवा, नाहीतर वही मिळाली की मुलं गुण बघून मिटतात.

खडू_डस्टर
एक राहिलं. गाइडांमध्ये ‘संवादात शब्दांचा वाटा फक्त ७ टक्के, देहबोलीचा ५५’ असं छापलेलं असतं. ते शिकवू नका. हा आकडा ज्यांच्यावरून आला त्या मानसशास्त्रज्ञ मेहराबियन यांचे १९६७चे प्रयोग आवड-नावड कशी कळते एवढ्यापुरते होते. सगळ्या बोलण्याला तो आकडा लावला, तर अर्ज आणि मेल शिकवायचेच कशाला?

नवी_व्याख्याती
आभारी आहे. गटांत बोलल्यावर गुण कसे द्यायचे?

खडू_डस्टर
दहापैकी: मांडणी ३, उदाहरण नेमकं आहे का २, आवाज शेवटच्या बाकापर्यंत जातो का २, वेळ पाळली का १, शेरा देताना दुसऱ्याचा मुद्दा बरोबर पकडला का २. उच्चारांना गुण ठेवू नका, पहिल्याच आठवड्यात निम्मा वर्ग गप्प होईल. सरावाच्या फेऱ्यांत मुलांनीच एकमेकांना द्यावेत. ते नोंदवू नका, मित्रामित्रांत सरसकट नऊ पडतात. नोंदवायचे गुण शेवटच्या पाच तासांत तुम्ही द्या, रोज तीन गट, तुमच्या टेबलाशी. बाकीच्यांना तेवढ्यात मेलचा दुसरा मसुदा लिहायला बसवा.